वीबेनं केक नेला

वीबे टरपस्ट्राला मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखतो. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये पाण्याचा एक चर आहे, त्यावर फळी टाकलेली. लहानपणी त्या फळीवरून तो एकदा पाण्यात पडला. मी कॉलरला धरून वर ओढला, तर तोंडातलं शेवाळ थुंकून म्हणतो कसा, "आभारी आहे. पण माझा बूट खाली राहिला." माणूस पुढे वाढला, पोट सुटलं, केस गेले, पण हा स्वभाव तसाच राहिला. आधी रीत, मग स्वतः.

मला गावात सगळे पाके म्हणतात. पाके म्हणजे आमच्या फ्रीसलंडात आजोबा. नातवंडं असोत नसोत, ऐंशी गाठली की माणूस सगळ्या गावाचा पाके होतो आणि त्याला कुणाच्याही गोष्टी सांगायची मुभा मिळते. ती मी पुरेपूर वापरतो.

तर वीबे. चीजच्या मोठ्या गोदामात तो कचेरीत होता. कुठला ट्रक कुठल्या गावाला जाणार, कुणाचा माल उशिरा पोचला, कोण फोनवर ओरडतंय, हे सगळं त्याच्या टेबलावर यायचं. तिथंच त्याचं वय झालं. मग ते गोदाम दुसऱ्या एका कंपनीनं घेतलं, टेबलं दक्षिणेत नेली, आणि वीबेला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. तेव्हा तो अठ्ठावन्नचा. पेन्शन सदुसष्टला. मधली वर्षं कुठे घालवायची ते त्या गुच्छाबरोबर कुणी सांगितलं नव्हतं.

पैशांची ओढाताण होतीच, पण त्याला लागलं ते वेगळंच. सकाळचे दहा. इथं कुठल्याही कचेरीत दहाला सगळे उठतात, कॉफी घेतात, एक बिस्कीट घेतात, दुसऱ्या बिस्किटाकडे बघतात पण घेत नाहीत, आणि हवेला, फुटबॉलला, साहेबाला नावं ठेवतात. वीबेची बायको आफके म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालण्याचं काम करते, ती सकाळीच जाते. मग दहा वाजले की वीबे फळी ओलांडून माझ्याकडे यायचा. मला फार बरं वाटायचं. त्याला नाही वाटायचं. कप हातात धरून तो माझ्या घड्याळाकडे बघत बसायचा. "पाके, मला तुमचा कंटाळा नाही," तो एकदा म्हणाला, "पण तुमच्याशी साहेबाबद्दल कुरकुर करता येत नाही."

अर्ज त्यानं खूप केले. बहुतेकांची उत्तरंच आली नाहीत. मग त्याची मुलगी यिल्दू एका रविवारी आली आणि त्याच्या अर्जाला कात्री लावायला बसली. मी समोरच होतो.

"बाबा, जन्मतारीख काढ. सांगायचं बंधन नाही."

"काढली."

"शाळा कुठल्या साली सुटली तेही काढ."

"शाळेत गेलो होतो एवढं तरी राहू दे की."

"ते राहू दे. साल नको. आणि हा फोटो? मासा धरून कोण अर्ज करतं?"

"तो मासा चांगला होता."

मासा गेला, सालं गेली, आणि महिन्याभरात हेरेनफेनहून फोन आला. विजेवरच्या सायकली नेटवरून विकणारी कंपनी. गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा, सायकल कुठे अडकली ते शोधायचं, माणसाला शांत करायचं. म्हणजे चीजच्या जागी सायकल, बाकी सगळं तेच. मालक एकोणतीस वर्षांचा.

मग आम्ही तालीम केली. मी मालक झालो. माझी कवळी त्या दिवशी नीट बसत नव्हती, तरी मी पाय टेबलावर टाकून विचारलं, "काय रे, वय काय तुझं?"

"पाके, वय विचारायला कायद्यानं बंदी आहे."

"मग मी काय विचारू?"

"तरुण माणसाच्या हाताखाली जमेल का, असं विचारा."

"जमेल का?"

"तुमच्या हाताखाली जमतंय, तर त्याच्या का नाही जमणार?"

आफके दारात उभी होती. ती म्हणाली, "दोघं मिळून दीडशेला आलात, आणि नाटक बघा." पण हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

मुलाखतीहून वीबे आला तो थेट माझ्याकडे, कोटसुद्धा न काढता. मालकाचं नाव थाइस. पायात पांढरे बूट. नोकरभरती बघणारी फेना, तीही त्याच्याच वयाची. वीबेनं थाइसला 'तुम्ही' म्हटलं, तर तो म्हणाला, "अरे, तू म्हण. तुम्ही म्हटलं की मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं." वीबे 'तू' म्हणायला लागला. मग फेनानं तोच प्रश्न काढला, तरुण लोकांकडून शिकून घ्यायला जमेल का. वीबे म्हणाला, "माझी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून मला सुधारतेय. तिची परवानगी घेऊन आलोय." दोघं मोकळं हसले. 'आमच्या काळी' हे शब्द त्यानं एकदाही तोंडातून काढले नाहीत. यिल्दूनं बजावलं होतं, आणि ते जिभेवर आले तेव्हा त्यानं कॉफीचा घोट घेतला. तीन कप झाले म्हणाला.

शेवटी थाइस म्हणाला, "एक दिवस आमच्यात येऊन बस, काम करून बघ. गुरुवारी ये." वीबे म्हणाला, "येतो." गाडी चालवत अर्ध्या वाटेवर आला तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्या गुरुवारी त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे वाढदिवस ज्याचा, केक त्यानं आणायचा. कामावर तर नक्कीच. लोक विसरले तर चालतं, तुम्ही विसरून चालत नाही. आमच्या गावात सीत्से नावाचा पोस्टमन होता. केकचा खर्च नको म्हणून तो दर वर्षी नेमका त्या दिवशी रजा टाकायचा. पत्रं त्यानं आयुष्यभर वेळेवर टाकली, पुरात होडीतून टाकली, एकदा तर मोडक्या हातानं टाकली. पण गाव त्याला म्हणायचं 'रजावाला'. त्याच्या मयतीला पाद्री भाषणात सीत्सेची सेवा, सीत्सेची निष्ठा असं सांगत होते, आणि मागच्या बाकावरून एका बाईनं शेजारणीला विचारलं, "हा सीत्से कोण गं?" "अगं, रजावाला." "हां, हां."

वीबे त्या मयतीला होता.

बुधवारी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात यावरून जुंपली. आफके म्हणाली, "नेऊ नकोस. एक दिवसाचा प्रश्न आहे. कुणाला कळणार?"

"उद्या नाही कळणार. पण नोकरी लागली की?"

"लागू दे की आधी."

"लागली की पुढच्या वर्षी याच तारखेला मी केक नेणार. मग कुणीतरी म्हणणार, थांबा, गेल्या वर्षी या दिवशी हा चाचणीला आला होता ना? आणि रिकाम्या हातानं?"

आफके म्हणाली, "वीबे, तू पुढच्या वर्षीच्या केकची काळजी करतोयस."

"मग? तिथं सात वर्षं काढायचीत मला."

"मग फोन करून शुक्रवार मागून घे."

"का म्हणून विचारलं तर काय सांगू? वाढदिवस आहे म्हणून? तेच झालं की."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्या गावात तिचं म्हणणं पटणारं दुसरं घर सापडलं नसतं. केक आधीच शीतकपाटात होता. वर गुलाबी साखरेचा थर, मध्ये संत्र्याच्या सालीचे तुकडे, आमच्या भागात करतात तो. सगळ्या कचेरीला पुरेल एवढा.

गुरुवारी सकाळी तो गेला. पुढचं मला त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. काही त्याच दिवशी, काही हिवाळ्यात.

सकाळ झकास गेली. कानाला फोनचं यंत्र लावून तो बसला आणि पहिलाच फोन झ्वोलेच्या एका बाईचा आला. तिची सायकल भलत्याच गावी गेलेली. बाई तापलेली. वीबेनं तिला बोलू दिलं, मग सायकल शोधून काढली, मग तिच्या कुत्र्याची चौकशी केली, कारण ते मागे भुंकत होतं. फोन ठेवला तर शेजारचा पोरगा म्हणाला, "ए वीबे, मस्त रे." पाठीवर थाप मारली. ती थाप वीबेनं मला दोनदा सांगितली.

दहाला सगळे उठले. वीबेनं खोका काढला. म्हणाला, "माझा वाढदिवस आहे." जल्लोष झाला. सगळ्यांनी हात मिळवले, आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांचंही अभिनंदन केलं, गाणं म्हटलं, फेनानं तर दोन्ही गालांवर मुके घेतले. नव्या माणसानं पहिल्याच दिवशी केक आणला, असला माणूस हवा, असं कुणीतरी म्हणालं. वीबे म्हणतो, त्या क्षणी त्याला वाटलं, झालं, लागली नोकरी.

मग एका पोरीनं तोंडात घास असताना विचारलं, "कितवा?"

"ओळखा," वीबे म्हणाला. खुशीत होता ना.

"पन्नास."

"पंचेचाळीस," म्हणून एकानं त्याला खूश केलं.

थाइस म्हणाला, "बावन्न. पैज."

बावन्नवर त्याला थांबता आलं असतं. नुसती मान हलवायची होती. पण आपल्याच वाढदिवसाचा केक लोकांच्या ताटलीत असताना खोटं बोलायचं, हे त्याच्याच्यानं होईना. तो म्हणाला, "साठ."

कुणी वाईट बोललं नाही. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगतो. उलट म्हणाले, वाटत नाही हं. थाइस म्हणाला, "बाप रे. माझा बाबा छप्पन्नचा आहे." आणि त्यानं आपल्या ताटलीतला गुलाबी थर काट्यानं बाजूला सरकवला.

साडेदहाला सगळे परत आपापल्या जागी बसले. वीबेनं खुर्ची ओढली, तर मघाशी थाप मारणारा पोरगा धावत आला. "राहू दे, मी देतो." एका पोरीनं त्याला माऊस कसा धरायचा ते दाखवलं. सकाळभर त्याच माऊसनं त्यानं कामं केली होती. तो पोरगा त्याच्याशी बोलताना आवाज चढवायला लागला. दुपारी सायकलींच्या कुलपांचा एक खोका आला, वीबे उचलायला वाकला, तर दोघं म्हणाले, "नको, कमरेचं काहीतरी होईल." फोन त्याच्याकडे सोपे सोपे वळवायला लागले. रागावलेलं गिऱ्हाईक दुपारभर त्याला एकही मिळालं नाही. त्याच्यासारख्या माणसाला ही शिक्षाच. "पाके," तो म्हणाला, "दहापर्यंत मी वीबे होतो. साडेदहाला मी कुणाचा तरी आजोबा झालो."

मी म्हटलं, "आजोबा होणं वाईट नाही रे."

"तुमचं ठीक आहे. तुम्हाला पेन्शन मिळते."

चार वाजता थाइसनं हात मिळवला. म्हणाला, "मजा आली. फेना फोन करेल."

शनिवारी घरी वाढदिवसाची मंडळी जमली. भिंतीला लागून गोल खुर्च्या, मांडीवर ताटल्या. येणारा प्रत्येक जण वीबेचं अभिनंदन करी, मग आफकेचं, यिल्दूचं, माझं. निम्म्यांनी नोकरीचंही करून टाकलं. वीबे म्हणत होता, "अजून फोन यायचाय." आफके आत कॉफी ओतत होती. ती एकदाही बाहेर येऊन बसली नाही.

फोन सोमवारी आला. वीबे माझ्याच टेबलाशी होता, त्यानं आवाज मोठा केला, म्हणून मीही ऐकला. फेनाचा आवाज गोड होता. सगळ्यांना तू फार आवडलास, ती म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलतोस ते तर अप्रतिम. पण शेवटी आम्ही अशा कुणाची निवड केली, जो टीमच्या वेगाबरोबर वाढेल. अजून वाढायचं आहे असा कुणीतरी.

"म्हणजे वयाचं आहे का?" वीबेनं विचारलं. तालमीत हा प्रश्न नव्हता.

"नाही, नाही. वय आम्ही बघतच नाही. ते बेकायदेशीर आहे."

"बरं."

"अजून एक विचारू? तो केक कुठून आणला होतास? सगळे विचारतायत."

वीबेनं बेकरीचं नाव सांगितलं. गल्ली सांगितली. मंगळवारी बंद असते तेही सांगितलं. आभार मानले, आणि फोन ठेवला. माझ्या तोंडात आलेली शिवी मी तशीच गिळली, कारण त्याचा चेहरा शिवी ऐकण्याजोगा राहिला नव्हता. बेकरीवाला पुढे मला म्हणाला, हेरेनफेनच्या एका सायकल कंपनीकडून आता दर महिन्याला मागणी येते. फार खूश होता. त्याचा काय दोष.

त्यानंतर वीबेनं अजून अर्ज केले. बेकारांच्या सरकारी कचेरीतली सल्ला देणारी मुलगी करायला लावते, नाही तर बेकारभत्ता थांबतो. मुलाखतीचं बोलावणं एकही आलं नाही. मग आमच्या गावच्या छोट्या बसला ड्रायव्हर हवा होता. आठ माणसांची बस, गावागावांतून दवाखान्यापर्यंत जाते, आणि चालवणारे सगळे फुकट चालवतात. तिथं वीबेची मुलाखत माझ्या देखतच झाली. कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "डोळे ठीक आहेत?" "आहेत." "सोमवारपासून ये." पगार नाही म्हटल्यावर साठ वर्षांत काही खोट निघाली नाही.

या वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी सकाळी फळी ओलांडून गेलो, तर दाराला कुलूप. खिडकीतून बघितलं, तर खुर्च्या गोल मांडलेल्या नव्हत्या. आफके कामाला गेलेली. मी काठी टेकत थांब्यावर गेलो आणि बसमध्ये चढलो. आत चार म्हाताऱ्या होत्या, गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. पुढच्या काचेपाशी केकचा खोका नव्हता, काही नव्हतं. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "वीबे, अभिनंदन."

त्यानं आरशात मागे बघितलं, म्हाताऱ्यांनी ऐकलं का ते.

"पाके, खाली बसा," तो म्हणाला. "गाडी निघतेय."

मी बसलो. शेजारची बाई म्हणाली, काय म्हणालात हो त्याला? मी म्हटलं, काही नाही, हवा बरी आहे म्हटलं.