टीपकागदात फुटलेला कोंब

वनस्पतिसंग्रहालयात त्यांना मागून सगळे ‘बहुधासाहेब’ म्हणत आणि घरी वहिनी तोंडावर म्हणत. कुणी एखादे पान ओळखायला पुढे केले की ते आधी चष्मा पुसत, मग भिंग पुसत, मग पान उलटेपालटे करून "बहुधा हे अमुक असावे" असे म्हणत आणि पुन्हा चष्मा पुसू लागत. ज्या झाडाचे फूल पाहिले नाही, त्याचे नाव शाईने लिहायचे नाही, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदांवर पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि त्यांच्यापुढची बारीक प्रश्नचिन्हे इतकी होती की, हे गवतांचे कपाट आहे की शंकांचे, असे एका पाहुण्या अभ्यासकाने विचारले होते. बहुधासाहेबांना ती स्तुती वाटली.

लग्नाचेही तसेच झाले. मुलगी मनात भरली होती. पण तिच्या वडिलांनी होकार आहे ना म्हणून विचारले तेव्हा हे "बहुधा" म्हणाले. ती माणसे व्यवहारी. त्यांनी दुसरीकडे ठरवून टाकले. तेव्हापासून हे थोरल्या भावाच्या घरी राहिले ते राहिलेच. भाऊ जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. तो वारल्यावर घरात दीर आणि वहिनी अशी दोघेच उरली. वहिनी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अशा बाईच्या घरी ‘बहुधा’ म्हणणारा दीर असावा, ही त्यांच्या मते नियतीने केलेली आकडेमोडीची चूक होती.

त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी एक म्हातारा पर्जन्यवृक्ष उभा होता. त्याच्या एका बेचक्यातून हिरव्या दोऱ्यांचा झुपका खाली लोंबे. पाने नाहीत, काटे नाहीत, नुसत्या पेन्सिलीहून बारीक, गोल, फाटे फुटलेल्या काड्या. लहान मुलाचे न कापलेले जावळ असावे तशा. कुठल्याशा बंदरातून भावाने त्याची एक काडी ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती आणि शिडी लावून स्वतःच्या हाताने बेचक्यात खोचली होती. धाकट्याने नाव शोधू का म्हणून विचारले, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "नको. नाव कळलं की तू त्याला कपाटात घालशील." गोष्ट खरी होती, म्हणून धाकट्याने नाद सोडला. पुढे ते रोजच्या नजरेतले झाले, आणि रोजच्या नजरेतल्या गोष्टीकडे भिंग घेऊन कोण जातो? वहिनी मात्र सकाळी दूध घ्यायला गेल्या की वर पाहत. त्या बोलून दाखवत नसत; पण भावाच्या हातची जिवंत राहिलेली तेवढी एकच वस्तू होती.

एका वादळी दुपारी त्या वृक्षाची एक जाड फांदी मोडली आणि इमारतीच्या चेअरमनसाहेबांच्या नव्या गाडीच्या टपावर येऊन विसावली. चेअरमनसाहेब भले गृहस्थ होते. परंतु गाडीला पोचा पडल्यावर मनुष्य कारण शोधतोच. त्यांनी वर पाहिले, हिरवा झुपका दिसला, आणि निदान झाले: हे बांडगूळ. हेच झाडाचे रक्त पिते. माळी बोलावून सगळे खरवडून काढायचे, असे त्यांनी फाटकातच जाहीर केले. वहिनींनी हरकत घेतली तेव्हा ते समजुतीने म्हणाले की, मी लेकीकडे जाऊन महिन्याने परत येईन, मग सभा घेऊ. तुमच्या घरात तर तज्ज्ञच आहेत. हे बांडगूळ नाही, असे त्यांनी सभेत उभे राहून सांगितले, तर विषय तिथेच मिटला.

वहिनी घरात आल्या आणि पंख्याखाली बसल्या.

"भाऊजी, ते बांडगूळ आहे का?"

"बहुधा नसावं."

"सभेत असं म्हणालात तर माळी शिडी घेऊनच येईल."

बहुधासाहेबांच्या मनात ‘कॅक्टस’ हा शब्द त्याच क्षणी येऊन गेला होता. उष्ण प्रदेशांतल्या दमट अरण्यांत झाडांच्या खांद्यावर बसून वाढणारे, वाळवंट कधीच न पाहिलेले कॅक्टस असतात, हे त्यांनी वाचले होते. असे कॅक्टस झाडावर नुसते बसतात. झाडाच्या अंगात मुळे घालून त्याचा रस ओढत नाहीत. परंतु त्यांचा सारा जन्म गवतात गेलेला, आणि झुपक्यावर ना फूल होते ना फळ. शिवाय काही बांडगुळांच्या काड्याही अशाच बिनपानांच्या असतात आणि फळेही अशा कॅक्टससारखीच पांढरी, चिकट. मनात आले म्हणून सभेत सांगायचे, हे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी काठीला कात्री बांधून दोन काड्या काढल्या आणि कचेरीत नेल्या.

संग्रहालयात नमुना वाळवण्यासाठी दोन जाळीदार लाकडी चौकटी, त्यांच्यामध्ये टीपकागद आणि वरून घट्ट पट्टे असा सरंजाम असे. त्याला सगळे प्रेस म्हणत. कॅक्टससारखी पाणीदार वनस्पती असेल, तर प्रेसमध्ये घालण्याआधी ती उकळत्या पाण्यात बुडवून मारावी लागते, हे नवशिक्यांना दरवर्षी बहुधासाहेबच शिकवत. पाणी त्यांनी तापवलेही. पण चिमटा हातात घेतल्यावर ते थबकले. काडी उकळत्या पाण्यात घालणे म्हणजे ती कॅक्टस आहे असे आधीच ठरवून टाकणे. चौकशीपूर्वीच निकाल दिल्यासारखे झाले असते. तेव्हा त्यांनी निःपक्षपातीपणाने त्या काड्या एखाद्या साध्या वेलीप्रमाणे टीपकागदात ठेवल्या, पट्टे आवळले आणि तापवलेल्या पाण्याचा चहा केला.

नंतर गवतांचे एक मोठे खोके येऊन पडले आणि प्रेस खिडकीखालच्या फळीवर तशीच राहिली. घरी वहिनी विचारत आणि हे सांगत की, पुस्तके पाहतो आहे. पुस्तके पाहत होते हे खरे. पण प्रत्येक पुस्तक ओळख पटवण्याच्या पहिल्याच वळणावर फूल मागत होते. वहिनींनी एकदा शांतपणे विचारले की, भावाचे कपडे द्यायचे तेव्हाही तुम्ही महिनाभर ठरवत होतात. झुपका खरवडून झाल्यावर ठरवणार आहात का?

सभेच्या आदल्या दिवशी बहुधासाहेबांना प्रेसची आठवण झाली. आपण कागद एकदाही बदलले नाहीत, म्हणजे नमुना कुजून काळा झाला असणार, या विचाराने ते लगबगीने फळीपाशी गेले. त्यांनी पट्टे सोडले, वरचा टीपकागद उचलला, आणि तो सहज उचलला जाईना. आतून काहीतरी त्याला धरून बसले होते.

काड्या हिरव्या होत्या. थोड्या चपट्या झाल्या होत्या, एवढेच. एकीच्या बाजूने दोऱ्यासारखी पांढरी मुळे फुटून ओलसर टीपकागदात शिरली होती. दुसरीच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा फिकट कोंब आला होता. बहुधासाहेबांनी चष्मा न पुसताच भिंग लावले. कोंबावर लोकरीचे बारीक ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यातून मऊ केसांचा एक कुंचला वर आला होता. लोकरीचा असा ठिपका वनस्पतींच्या सबंध दुनियेत एकाच कुळाच्या अंगावर असतो. त्यांनी जुनी काडी पुन्हा पाहिली. तिथेही ठिपके होते. केस मात्र झडून गेले होते.

ते खुर्चीवर बसले. महिनाभर आपण फुलाची वाट पाहत होतो आणि हा जीव अंधारात, वजनाखाली, पाण्यावाचून आपले कुळ सांगत होता, हे लक्षात येऊन त्यांना आधी लाज वाटली आणि मग हसू आले.

सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. बहुधासाहेबांनी प्रेस काखेत मारून आणली होती. चेअरमनसाहेबांनी प्रश्न मांडला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. वहिनी शेवटच्या खुर्चीवर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. यांच्या ओठांवर तो जुना शब्द येऊन बसला होता, हे त्यांना तिथूनही दिसत होते.

बहुधासाहेब म्हणाले, "हे बांडगूळ नाही."

पुढे काहीच आले नाही, म्हणून सगळे थोडे गोंधळले. मग त्यांनी प्रेस उघडली आणि सांगितले की, बांडगूळ झाडापासून तोडले की त्याचे अन्नपाणी तुटते; प्रेसमध्ये ते वाळून त्याचे तुकडे पडतात. हे महिनाभर दोन कागदांत राहिले आणि वाढले. ज्याला कागदावर जगता येते, त्याला झाडाचे रक्त कशाला लागेल? हा कॅक्टस आहे. फांदी कशामुळे मोडली, ते मात्र मला सांगता येणार नाही. तो माझा विषय नाही.

"कॅक्टस म्हणता, मग काटे कुठं आहेत?" चेअरमनसाहेबांनी विचारले.

बहुधासाहेबांनी भिंग त्यांच्या हातात दिले. "लहानपणी असतात. मोठेपणी झडतात."

"माणसांचं उलट असतं," वहिनी शेवटच्या खुर्चीवरून म्हणाल्या.

त्यावर पहिल्यांदा हसले ते चेअरमनसाहेबच. भिंगातून तो केसाळ कोंब त्यांनी इतका वेळ पाहिला की बाकीच्यांची रांग लागली. झुपक्याला हात लावायचा नाही असे ठरले. माळी आला तो मोडक्या फांदीचा खुंट तासून गेला, आणि खुंट आतून पोकळ निघाला.

प्रेसमधल्या काड्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. संग्रहात चिकटवायला मेलेला नमुना लागतो आणि या मरायला तयार नव्हत्या. उकळते पाणी होतेच. पण त्याचे नाव काढायची यांची छाती झाली नाही. वहिनींनी काड्या टीपकागदासकट उचलल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नारळाच्या शेंड्यांत खोचल्या.

तिथे पुढच्या थंडीत काड्यांच्या कडेने तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट फुले आली, मग मोत्यासारखी, आतले बी दिसेल अशी फळे धरली. बहुधासाहेबांनी ओट्याशी उभे राहून, वहिनींच्या आमटीची वाफ भिंगावर बसू न देता, पुस्तकातले प्रत्येक वळण पार केले आणि शेवटी मुक्कामावर पोचले: रिप्सॅलिस. जातही जुळली. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी कोरा कागद घेतला, खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली आणि दौत उघडून पूर्ण नाव शाईने लिहिले. प्रश्नचिन्ह दिले नाही. नमुना आणणाऱ्याच्या रकान्यात भावाचे नाव घातले.

तो कागद अजून कॅक्टसच्या कपाटात आहे. खाली ठसठशीत नाव आणि वर काहीच नाही. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी विचारले की, साहेब, या कागदावर नमुना कधी येणार?

बहुधासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बहुधा येणार नाही," ते म्हणाले.