माईंच्या डोळ्यांचा विमा

ताटातली मुगडाळ अर्धी निवडून झाली होती. उजवीकडे निवडलेली, डावीकडे राहिलेली आणि मधे माईंची बोटं. पाकिटातली डाळ निवडायची नसते, हे सुनेने त्या आल्या त्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण रिकाम्या हातांनी बसलं की माई स्वतःच्याच मुलाच्या घरात पाहुण्या होत. म्हणून त्या निवडत.

परक्या देशात येऊन चार महिने झाले होते. निघताना त्यांनी आपली खोली विकली होती. ते पैसे मुलाच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात केव्हाच मुरले होते. परत जायला दार उरलं नव्हतं. इथे राहायचं तर परवाना हवा, परवान्याला आरोग्य विमा हवा, तोही खासगी, कारण नव्याने आलेल्या म्हाताऱ्या माणसाला सरकार दारात उभं करत नाही. आज मुलगा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून तोच विमा निवडत बसला होता.

“हा बरा आहे. ह्यात गुडघे, दात, डोळे सगळं आहे.”

“केवढ्याला?” सुनेने विचारलं. त्याने आकडा सांगितला. “अगं बाई! एवढ्यात नवी सासू येईल. दात काढ. आहेतच कुठे? गुडघे मात्र ठेव, ते गेले तर मलाच उचलावं लागेल.”

माई हसल्या. आपलाच भाव चालला असताना दुसरं काय करायचं, देव जाणे.

“आणि डोळे?” सुनेनेच विचारलं.

“डोळे कशाला? आई रोज पोथी वाचते, तीही चष्म्याशिवाय,” मुलगा अभिमानाने म्हणाला. “एक अक्षर चुकत नाही!”

खरंच चुकत नव्हतं. चाळीस वर्षं तीच पोथी. पान कधी उलटायचं ते अंगठ्याला ठाऊक होतं. अक्षरं मात्र दोन वर्षांपूर्वीच धुक्यात गेली होती. माई वाचत नव्हत्या, नुसत्या म्हणत होत्या. देवापुढे खोटं पान उलटताना पहिल्या दिवशी त्यांना रडू आलं होतं. मग अंगवळणी पडलं.

“लिहितो, नजर उत्तम.”

माईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने पुढची ओळ वाचली: आधीचा दोष असल्यास अर्ज नामंजूर होईल. माईंनी तोंड मिटलं.

सून उठली. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असे. दिवसभर लोकांचे डोळे बघणं हेच तिचं काम. तिने ताट आपल्याकडे ओढलं.

“माई, काय निघालं डाळीत?”

“काही नाही गं. स्वच्छ आहे.”

“सकाळी मी त्यात मूठभर हिरवी, सालाची डाळ मिसळली होती.”

मुलाने ताटात पाहिलं. निवडलेल्या पिवळ्या ढिगात हिरवे दाणे जसेच्या तसे होते.

“आई?”

“त्यांना काय विचारतोस? मोतीबिंदू आहे. माझ्याशी बोलतात आणि बघतात माझ्या कानाकडे. मला दुसऱ्याच महिन्यात कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर लिहावं लागलं असतं. आज बोलते, कारण खालची ओळ तू वाचली नाहीस. साठीच्या वर असेल तर कंपनीचा डॉक्टर तपासतो. डोळेसुद्धा. उद्या नऊची वेळ मोकळी दिसतेय.”

“मग खरं तेच लिही रे,” माई हळूच म्हणाल्या. “ऑपरेशन होऊन जाईल.”

“कुठे होईल?” सुनेने विचारलं. “खरं लिहिलं की विमा नाही, विमा नाही की परवाना नाही. तिकडे कुणाच्या घरी पट्टी बांधून बसाल?”

माईंनी मुलाच्या दिशेने बघितलं. तो लॅपटॉपवरची धूळ पुसत होता.

सुनेने दुकानातून आणलेली गुंडाळी उलगडली. इथली अक्षरं न येणाऱ्यांसाठी नजर तपासायचा आकड्यांचा तक्ता. “सगळीकडे हाच असतो. पोथी पाठ आहे, मग ह्या सहा ओळी काय जड आहेत?”

“पाठ करून म्हणू? खोटं?”

“रोज सकाळी काय करता?”

माईंनी डाळीचं ताट पुन्हा आपल्याकडे ओढलं.

“आणि एकदा विमा झाला की दोन वर्षं डोळ्यांचं नाव काढायचं नाही. काढलंत तर ते मागचं सगळं उकरतील. दोन वर्षं तुम्हाला दिसतंय. कळलं?”

“तोवर राहील का गं काही दिसायचं?”

“देवाशी एवढी ओळख आहे ना? त्याला सांगा टिकवायला.”

“अगं, जरा…” मुलगा म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला. मग त्याने माईंचं बोट धरून फोनच्या काचेवर, सहीच्या जागी टेकवलं. वर लिहिलं होतं, सर्व मजकूर मी स्वतः वाचला आहे.

सुनेने वाचून दाखवलेले आकडे माईंनी पोथीच्याच चालीवर बसवले. संध्याकाळपर्यंत सहाही ओळी सुलट झाल्या, उलट झाल्या.

“शाबास,” सून म्हणाली. “आता शेवटच्या ओळीत दोन चुका करा. सत्तरीच्या बाईने सगळं बरोबर सांगितलं तर डॉक्टरला संशय येईल.”

ते मात्र जमेना. उभ्या जन्मात पाठांतरात चूक केली नव्हती. दर वेळी बरोबर आकडा आधी तोंडातून सुटे, आणि सून चमच्याने टेबलावर टकटक करी. “चुका, माई, चुका!” तेराव्या खेपेला दोन्ही चुका नेमक्या जागी पडल्या, तेव्हा मुलाने टाळी वाजवली.

अर्धी राहिलेली डाळ सुनेने हिरव्या दाण्यांसकट कुकरला लावली. माईंनी देवापुढे दिवा लावला, पोथी हातात घेतली आणि न उघडताच पुन्हा फडक्यात बांधली. सकाळी नऊ वाजता कंपनीच्या डॉक्टरकडे डोळे दाखवायला जायचं होतं.