काही काम नसताना होन्नगुड्ड्याला

चिटगुप्प्यात दीपमालाला ओळखत नाही अशी बाई सापडणं अवघड. निम्म्या गावाचे ब्लाऊज तिच्या मशीनखालून गेलेले. माप घ्यायला ती मुद्दाम वेळ लावते, कारण समोरच्या बाईला तेवढ्यात सासूची, जावेची, नवऱ्याची गाऱ्हाणी सांगून मोकळं व्हायचं असतं. बाई हलकी होऊन जाते आणि ब्लाऊजही अंगाला नीट बसतो.

माहेर कमठाण्याचं. वडील बळीराम लोकांच्या उसात राबले, पण पोरीला दहावीपर्यंत शाळेतून काढलं नाही. सासर चिटगुप्प्याचं. नवरा धम्मानंद मांडव आणि लायटिंगचं काम करतो, मुलगी प्रेरणा बिदरला नर्सिंगला आहे, आणि घरात सासू सुमनबाई. सत्तरी ओलांडलेली, दात कमी, जीभ शाबूत.

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. तेवढ्या काळात दीपमाला गावाबाहेर पडली ती चारच कारणांनी: लग्न, बाळंतपण, दवाखाना आणि मयत. पाचवं कारण असू शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी ती शिकली तीही नाइलाजानं. धम्मानंदची जुनी व्हॅन गल्लीत उभी असायची, आणि गल्ली एवढी अरुंद की शेजाऱ्याची म्हैस निघाली तरी गाडी मागे घ्यावी लागे. धम्मानंद कुणाच्या तरी मांडवात, मग गाडी कोण हलवणार? एक दिवस वैतागून दीपमालाच आत बसली. गाडी पुढे, म्हशीला वाट, गाडी मागे. दूधवाला आला, गाडी मागे. कुणाची वरात आली, पार नाक्यापर्यंत मागे. असं करता करता ती गाडी चालवायला शिकली, पण अर्धी उलटीच. पुढे रीतसर लायसन निघालं तरी मागे जाताना तिचा हात जितका सैल असे, तितका पुढे जाताना नसे. धम्मानंद चेष्टा करायचा, "तुला बिदरला धाडलं तर तू पाठमोरीच पोचशील."

श्रावणातल्या एका दुपारी लाइट गेली. मशीन बंद. दीपमालाच्या ओट्यावर दोघी मैत्रिणी येऊन टेकल्या होत्या. एक रेणुकाबाई, घरोघर दूध घालणारी. तिच्या सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. दुसरी नेत्रावती, अंगणवाडीत शिकवणारी, जी निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलते आणि दोन्हींत सारखीच हसते.

रेणुकाबाई म्हणाली, "आमचे मामंजी सांगायचे, चिंचोळीच्या पल्याड डोंगरात होन्नगुड्डा म्हणून गाव हाय. तिथं ढग खाली ऱ्हातेत अन् माणूस वर."

"मग चला की," नेत्रावती म्हणाली.

"कुठं?"

"होन्नगुड्ड्याला."

"कशाला?"

नेत्रावतीनं विचार केला. कारण काही सापडेना. "उगंच," ती म्हणाली.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम खदखदून हसत सुटल्या. उगंच! अशा कारणानं चिटगुप्प्यातली कुठली बाई आजवर वेशीबाहेर पडली होती?

धम्मानंदला सांगितलं तेव्हा तो भाकरीचा घास हातात धरून बसला. "तिथं काय कार्यक्रम हाय?"

"काईच न्हाई."

"मग कामून जायलाव?"

"काईच न्हाई म्हणूनच."

त्याला ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप टायरची हवा बघितली, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, आणि बायकोला तीनदा बजावलं, "घाटात पहिलाच गियर ठीव." रविवारी सकाळी दीपमाला चावी घेऊन बाहेर आली तर पुढच्या सीटवर सुमनबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.

"आत्याबाई, तुमी कुठं?"

"तुमी जायलाव तिथंच. अन् ही खिडकी माझी हाय."

निघाल्या. मन्नाएखेळ्ळीच्या हायवेपर्यंतचा रस्ता दीपमालाच्या पायाखालचा होता. तिथं चहाला थांबल्या. टपरीवाल्यानं चार बायका, गाडी, आणि गाडीत एकही गडी नाही हे बघून विचारलं, "कुठं निघालाव, अक्का?"

कुणी तोंड उघडण्याआधी सुमनबाई बोलून गेली, "मयतीला."

टपरीवाल्याचा चेहरा पडला. त्यानं चहात साखर जास्त घातली आणि पैसे नकोत म्हणाला. तेवढ्यात गरम भजी आली. नेत्रावतीला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला. रेणुकाबाईच्या नाकातून चहा आला. मयतीला निघालेल्या बायका भजी खात खिदळताहेत हे बघून टपरीवाला एकदा भज्यांकडे आणि एकदा बायकांकडे बघत राहिला. दीपमालानं बळेच पैसे त्याच्या हातात कोंबले आणि गाडी काढली.

"आत्याबाई, मयत कुणाची हो?" तिनं विचारलं.

"माझ्या नावानं सांगितलं तर काय बिघडलं? तेवढंच आयुष्य वाढतंय," सुमनबाई म्हणाली.

"आता कुणी विचारलं तर काई तरी चांगलं सांगू," रेणुकाबाई डोळे पुसत म्हणाली. "शुभ."

चिंचोळी मागे पडली तशी जमीन वर उठू लागली. तुरीची रानं संपली, लाल माती आली, मग झाडी. वळणं सुरू झाली. दीपमालाच्या तळहाताला घाम. पहिला गियर, गाडी गुरगुरतेय, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. मागे नेत्रावती "शिवा शिवा" करतेय आणि रेणुकाबाई तिला सांगतेय, "डोळे मिटून घे, काई कळत न्हाई." सुमनबाई मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून वारं खात होती.

निम्मा घाट चढला आणि समोरून ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत गवताचे भारे हत्तीएवढे. रस्ता एकाच गाडीचा. दोन्ही थांबले.

ट्रॅक्टरवाला उतरला. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल. त्याचं नाव सिद्धप्पा. त्यानं गाडीत वाकून बघितलं. "ड्रायवर कुठाय?"

"मीच," दीपमाला म्हणाली.

तो डोकं खाजवू लागला. ट्रॉली चढावर मागे ढकलणं अशक्य होतं, हे तिलाही दिसत होतं. रुंद जागा होती ती खाली, चार-पाच वळणं मागे. "अक्का, कुणाला तरी बोलवू का? गाडी मागं घ्यावी लागंल."

मागे घ्यावी लागंल! दीपमालाच्या खांद्यांवरचं ओझं कुणी उतरवल्यासारखं झालं. सकाळपासून पहिल्यांदा कुणी तिला तिच्या हातातलं काम सांगितलं होतं. तिनं मान वळवली, एक हात सीटच्या पाठीवर टाकला आणि व्हॅन सोडली. एक वळण, दुसरं वळण. मागच्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसल्या, कारण आता तिचं तोंड त्यांच्याकडे होतं आणि ते हसत होतं. खडक बाजूनं सरकत गेला, चिंचेचं एक झाड उलटं निघून गेलं, आणि गाडी रुंद जागेत अशी जाऊन थांबली जशी रोज रात्री गल्लीत थांबते.

सिद्धप्पा मागोमाग हळूहळू उतरून आला आणि त्यानं ट्रॅक्टरवरूनच हात जोडले. "अक्का, मला न्हाई असं जमणार. कुठं चाललाव?"

"होन्नगुड्ड्याला!" रेणुकाबाई आनंदाच्या भरात ओरडली. "माझ्या पोराला पोरगी बघायला!"

"कुणाच्यात?"

"जी असंल ती बघू!"

सगळ्या हसल्या. सिद्धप्पाही हसला आणि गेला. घाटात फोनला रेंज नव्हती. ती खाली उतरल्यावर येते, आणि तिथं पोचताच त्यानं काय केलं हे या चौघींना कळायला अजून अवकाश होता.

होन्नगुड्डा म्हणजे पंचवीस-तीस घरं, एक शाळा, एक मारुती आणि शांतता. एवढी शांतता की इंजिन बंद केल्यावर दीपमालाला आपलेच कान वाजताहेत असं वाटलं. खाली खरोखरच ढग होते. पण ते बघायला मिळेपर्यंत पांढरा पटका बांधलेला एक माणूस धावत आला. "या, या, या. वाट बघायलाव. मी पिराप्पा. घर हे पलीकडंच."

"कशाची वाट?" नेत्रावती पुटपुटली. पण तोवर त्यांची मिरवणूक निघाली होती. ओसरीवर नवी चटई. पाण्याचे तांबे. आतून उप्पीटाच्या फोडणीचा वास. आणि दाराआड हिरव्या साडीची किनार.

रेणुकाबाईचा चेहरा बघता बघता उतरला. तिनं दीपमालाचं मनगट धरलं. "अगं, त्या ट्रॅक्टरवाल्यानं फोन केलेला दिसतोय. ह्यांनी खरंच धरलं की!"

सुमनबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात ती अशीच जरा थबकत आलेली. घरातली म्हातारी नागव्वा पुढे आली. तिचं माहेर औरादकडचं, त्यामुळे मराठी पक्की. "तुमी बाहेर कामून?"

"आमी बुद्धाची माणसं हाव, बाई."

"मग? बुद्धाच्या माणसाला वारं लागत न्हाई व्हय? आत या." आणि तिनं सुमनबाईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

उप्पीट आलं. मग पिराप्पाची मुलगी आली, तेजश्री, चिंचोळीला कॉलेजात शिकणारी. मान खाली, पण खांदे ताठ, ओठ आवळलेले. साडी कुणी तरी पाठीमागे लागून नेसवलेली. दीपमालानं ब्लाऊज बघितला. बाह्या ढिल्या होत्या, आईचा असावा. चेष्टा इथवर यायला नको होती.

पिराप्पानं घसा साफ केला. "मुलगा काय करतो?"

"शाळेला जातोय," रेणुकाबाई म्हणाली. तिला खोटं बोलता येत होतं, पण एका दमाचंच.

"अरे वा! मास्तर हाय!"

"न्हाई, मास्तर न्हाई."

"मग? क्लार्क?"

रेणुकाबाईनं दीपमालाकडे बघितलं, नेत्रावतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. "आठवीत हाय," ती म्हणाली. "अनिलकुमार. गणितात जरा कच्चा हाय."

मग कुठून तरी फुर्र असा आवाज आला. तेजश्री होती ती. आवळलेले ओठ सुटले होते. तिनं तोंडावर हात दाबला, तो पुरला नाही, पदर घेतला, तोही पुरला नाही, आणि ती मटकन खाली बसून एवढी हसली की डोक्यातला गजरा चटईवर पडला. नागव्वाला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग तीही सुरू झाली, मांडीवर थापा मारत. सुमनबाई तिच्या खांद्यावर कोसळली.

तेजश्रीची आई मात्र हसली नाही. "फोन आल्यापास्नं राबायले मी," ती म्हणाली. "शेजारनं साडी आणली, दूध आणलं."

दीपमाला उठून तिच्यापुढे गेली. "चूक आमची हाय, ताई. खरं सांगते, आमचं इथं काई काम नव्हतं. आमी उगंच आलाव. ढग बघायला. कुणी विचारलं तर काय सांगावं ते सुचंना म्हणून तोंडाला आलं ते बोललाव."

"उगंच?" पिराप्पानं विचारलं. "चिटगुप्प्याहून? निस्तं ढग बघायला?"

"व्हय."

पिराप्पानं पटका काढला आणि डोकं पुसलं. "आमचे ढग बघायला कुणी यील असं वाटलं नव्हतं बुवा," तो म्हणाला. रागवावं की फुगावं हे त्याचं ठरेना, शेवटी तो फुगला. "मग इथं काय बसलाव? खरी जागा शाळेमागं हाय. कड्यावर."

"मलाबी न्या," नागव्वा म्हणाली. "लगीन होऊन आल्यापास्नं मी तिकडं शेण्या थापायला गेले, बघायला कधी गेले न्हाई."

तेजश्रीची आई अजून दारात उभी होती. दीपमालानं तिला हळूच सांगितलं, "ह्या पोरीच्या मापाचे दोन ब्लाऊज मी शिवून धाडते. ह्या बाह्या बघवंना मला." आईनं तिच्याकडे बघितलं, लेकीच्या बाह्यांकडे बघितलं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "थांबा, चप्पल घालते," ती म्हणाली.

व्हॅनमध्ये चौघींच्या जागी पिराप्पासकट आठ जण बसले. वाटेत आणखी दोघी चढल्या, त्यांनी तर विचारलंही नाही कुठं चाललाय. कड्यावर गाडी थांबली. खाली पांढरा कापूस पसरलेला, त्यातून मधेच एखाद्या झाडाचा शेंडा वर आलेला, आणि लांब कुठं तरी पाण्याचा आवाज. नागव्वानं बराच वेळ बघितलं. "एवढं होतं व्हय इथं," ती म्हणाली.

तेजश्री गाडीपाशी घुटमळत होती. "मला शिकवताव?" तिनं विचारलं.

शाळेचं मैदान मोकळं होतं. दीपमालानं तिला सीटवर बसवलं, क्लच दाखवला, गियर दाखवला. हिरवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून तेजश्रीनं पाय सोडला आणि व्हॅन बेडकासारखी उडी मारून बंद पडली. मागे बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींवर आपटल्या. "पुन्हा!" सुमनबाई ओरडली. पुन्हा उडी. शेळ्या पळाल्या. तिसऱ्यांदा गाडी चालू लागली, खरंच चालू लागली, वेडीवाकडी, मारुतीच्या पाराला वळसा घालून. रेणुकाबाई आणि नेत्रावती तिच्याबरोबर पळत होत्या, पिराप्पा पटका हातात घेऊन गोल फिरत "ब्रेक! ब्रेक!" करत होता, आणि दीपमाला शेजारच्या सीटवर, पहिल्यांदाच हातात काही न धरता, हसून हसून पोट धरून बसली होती.

"अक्का, थांबवू कशी?" तेजश्रीनं विचारलं.

"कामून थांबवतीस?" दीपमाला म्हणाली. "अजून एक चक्कर मार."