काकूंना ऐकू आलेला मूकपट

शिंपीमास्तरांच्या दुकानात कामाला असलेल्या तरुणाला आमची गल्ली गोगलगाय म्हणायची. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घ्यायचं तर हा आधी त्याची माफी मागणार. मास्तर खाकरले तरी याचा दोरा सुईच्या नेढ्याबाहेर. आणि जीव कुणावर जडावा, तर मास्तरांच्याच लेकीवर. मास्तर सोडून हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं हं. ‘तुम्हाला कळलं का?’ एवढंच विचारत होतो.

त्यात मास्तरांनी लेकीसाठी स्थळ पाहिलं.

त्याआधी एक गंमत झाली होती. मूकपट काढणारी एक कंपनी दुकानात कपडे शिवायला आली आणि याचा घाबरट चेहरा बघून दिग्दर्शकानं त्यालाच उचललं. काम शेवटी साहेबाला खडसावणाऱ्या भित्र्या कारकुनाचं. दिग्दर्शक म्हणाला, “आवाज कुठं ऐकू येणारे? तोंड हलव, मनात येईल ते बोल. पडद्यावरच्या पाट्या आम्ही लिहू.”

सिनेमा लागला. दुसऱ्या दिवशी पाहुणे लेकीला बघायला यायचे होते, तरी मास्तर सहकुटुंब आले. मी मागच्याच रांगेत. कामं टाकून आलो होतो. माझ्या शेजारी गोगलगाय कॉलरचं बटण लावी, काढी, पुन्हा लावी.

“खुर्चीत खिळा आहे का रे?” मी विचारलं.

“काका, काकूंना कशाला आणलं यांनी?”

काकू म्हणजे मास्तरांची बायको. ठार बहिऱ्या, पण ओठांवरून सगळं ओळखायच्या. माझ्या घरातली भांडणं त्यांनी समोरच्या खिडकीतून वाचली आहेत. आपला आवाज केवढा चढतो, हे मात्र त्यांना कळत नसे.

पडद्यावर कारकुनानं साहेबासमोर बोट नाचवलं. पाटी आली: ‘साहेब, माझा पगार वाढवा.’

“खोटं लिहिलंय,” काकू गरजल्या. “तो म्हणतोय, मास्तर, काजं मी करतो आणि कौतुक तुमचं होतं.”

थिएटर हसलं. मास्तर हसले नाहीत.

“आता म्हणतोय, तुमची मुलगी मला द्या. तिचीही मर्जी आहे.”

पडद्यापुढं बसून पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले. लेकीनं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

मास्तर वळले. “काय रे, गोगलगाय आणि पोटात पाय?”

“ते... सिनेमात असं...”

“मी बहिरा नाही. तोंडानं बोल.”

तो उठला. मागून लोक ओरडले, “खाली बस.” बसायला सांगितलं आणि तो बसला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या खुर्चीची पाठ त्यानं घट्ट धरली होती.

“खरंय, मास्तर. काजांचंसुद्धा.”

“काय म्हणाला?” काकूंनी नवऱ्याला कोपर मारलं. “त्याच्या तोंडावर अंधार आहे, दिसेना.”

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. शेवटी पडद्याच्या उजेडात तोंड धरून एकेक शब्द त्यांनाच उच्चारावा लागला. “आपली पोरगी मागतोय.”

“मग द्या की,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, काय मागतोय.”

मास्तर म्हणाले, “पाहुण्यांना येऊ नका असा निरोप कोण सांगणार?”

“मी सांगतो,” गोगलगाय म्हणाला आणि टोपी न घेताच निघाला.