बावखलाची चव

रेयान, तान्या — परवा फोनवर तुम्ही विचारलंत, वसईची जागा आजी का अडवून बसलीय? पप्पा काहीबाही सांगायच्या आत मीच लिहिते. आधी एक स्पष्ट करते. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताखेतांचं काढलं की मी त्याला बाहेर उभं करायचे.

बाय म्हणजे माझी आजी. आमच्या वाडीत तिचं बावखल होतं — केळी-पानवेलींना पाणी द्यायचं छोटं तळं. दर मे महिन्यात घरातल्या सगळ्यांनी उतरून गाळ काढायचा, मजूर लावायचे नाहीत. नंतर आम्हा पोरांचे माखलेले पाय ती स्वतः धुवायची. माझे पप्पा हेडमास्तर, पण केळ्याची साल आत टाकली म्हणून पाहुण्यांसमोर त्यांना पाण्यात उतरवलं होतं. "तुझी घाण तूच काढ." पँट दुमडून उतरले.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याने, सॅव्हियोने, बावखल भराव टाकून बुजवायचं ठरवलं. जागेत माझाही वाटा, म्हणून माझी सही हवी होती. सकाळी अकराला गेले आणि काठावरच नाकाला रुमाल लावला. काळी साय, तिच्यावर फुगलेले डायपर, किचनच्या पाइपातून पडणारी शितं, फेस...

"आत्या, गटार आहे ते. सही कर, सुटू सगळे."

मलाही तेच वाटलं. घरात येऊन टेबलाशी बसले, पेन काढलं. त्याच्या बायकोने, क्लॅराने, सीलबंद बाटली उघडून तिघांना पाणी दिलं. पहिल्याच घोटाला तोंडात कुजका गाळ! मी टेबलावरच थुंकले — मी! ते दोघं बेसिनकडे धावले. दुसरी बाटली उघडली, तेच. ती बाहेरच्या रिक्षावाल्याला दिली. त्याने गटागट संपवली. चांगलं आहे की, म्हणाला, थंडगार.

सही राहिली. तीन दिवस आम्हा तिघांना कुठलंही पाणी तसंच लागलं, चहासुद्धा. तुमचे आजोबा त्याच तांब्यातलं मजेत पीत होते. डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या.

चौथ्या दिवशी ओकताना आठवलं — तो पाइप बावखलात मीच सोडायला लावला होता. वाडीतल्या घराचं किचन नवीन केलं तेव्हा, 'टेम्पररी' म्हणून. इतकी किळस मला त्या डायपरचीही आली नव्हती. सॅव्हियोला फोन करून म्हटलं, बाय म्हणायची तसं, आपली घाण आपणच काढायची; पाइप तोड, मी येते, आपण उतरू.

"बाय वर जाऊन प्लंबर झाली काय?"

पण त्याने पाइप तोडला. सत्तरीत मी गुडघाभर राडीत उभी राहिले, हातांनी घाण उपसली. क्लॅरा नाक मुरडत, रडत बादल्या ओतत होती. संध्याकाळी नळाला ओंजळ लावली... नुसतं पाणी. तिघांनाही.

डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा गुण. क्लॅराने त्या घेतल्याच नव्हत्या. मला कारण अजून सापडलेलं नाही.

कागदावर माझी सही नाही. बावखल आहे — अर्धं पाण्याने भरलेलं, ते पिण्याजोगं नाही, केळींना चालतं.