माहेरी बंद पडलेला व्यायाम

पाचव्या महिन्यात औशाच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि जांघेत असं काही चमकलं की पाय उचलेना. मागून कंडक्टर म्हणाला, "चला मॅडम, लवकर." मी औशाच्या शाळेत शिकवत होते आणि रोज लातूरहून जाऊन-येऊन करत होते. त्या दिवसापासून कंबर आणि ओटीपोटाखालचं पुढचं हाड दुखायला लागलं. रात्री कूस बदलायची तर दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा धरावा लागायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासणीच्या कागदावरून नजरही उचलली नाही. "होतंच असं. बाळंत झालात की जाईल." नवरा म्हणाला, "रजा घे." शेवटी शाळेतल्या एका बाईंनी मला लातूरच्याच एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती माझ्यापेक्षा लहान मुलगी. तिनं मला अर्धा तास नुसतं विचारलं: कुठं दुखतं, कधी दुखतं, जिना कसा चढता. मग व्यायाम दाखवले. भिंतीला पाठ टेकून कंबर हलकेच मागं दाबायची. गुडघ्यांत उशी धरून आवळायची. हातापायांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर करायची, पुन्हा सरळ. "सलवार उभ्यानं घालू नका, बसून घाला. कूस बदलताना गुडघे जुळलेले ठेवा." एवढ्या साध्या गोष्टी मला कोणीच सांगितल्या नव्हत्या. महिनाभरात मी कठडा न धरता कूस बदलायला लागले. एसटीत चढतानाही दुखणं बरंच कमी झालं होतं.

सातवा सरता सरता पहिल्या बाळंतपणासाठी नांदेडला आईकडे गेले. दुसऱ्याच सकाळी चटईवर ओणवी होऊन व्यायाम करत होते. आई चहा घेऊन आली आणि दारातच ओरडली.

"काय करून राहिलीस हे? पोटातलं लेकरू खाली येईल की!"

मी समजावलं. फिजिओथेरपिस्टला फोन लावून दिला. आईनं तो कानाला न लावताच परत केला. "आमी काय लेकरं जन्माला घातली न्हाईत? नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचलाय मी. कंबर मलाबी दुखायची, कोण विचारलं?" शेजारच्या मुलीचं आठव्या महिन्यात मूल गेलं होतं. तिचं नाव काढून आई रडली आणि चटई गुंडाळून कपाटावर टाकली.

मी ती काढू शकले असते. नाही काढली. आईचा धाक हे कारण नव्हतंच. उद्या काही झालंच तर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळतील, याला मी घाबरले. शिकलेली, पगार कमावणारी बाई, आणि एवढंच धाडस होतं माझं.

पंधरा दिवसांत दुखणं परत आलं. भिंत धरून संडासला जायचे. मुलगी धडधाकट झाली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बघा, व्यायामाविना झालंच की सगळं नीट." मला मात्र पाळण्यातून लेकराला उचलताना दर वेळी दात आवळावे लागायचे. लातूरला परतल्यावर व्यायाम पुन्हा सुरू केला, पण आता जांघेतला सांधा सहज ऐकेना; चालताना मी थोडी लंगडायचे.

दीड वर्षानं भावाच्या बायकोला दिवस गेले. तिचीही कंबर धरली. मी फोनवर तिला सगळे व्यायाम सांगितले, दोनदा व्हिडिओवर करून दाखवले. चार दिवसांनी ती फोन उचलेना. रविवारी नांदेड गाठलं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, वजन एकाच पायावर.

"का सोडलंस गं?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "सासूबाई म्हणाल्या, तुमचं दुखणं व्यायामानंच वाढलं."

"उलट आहे. सोडला म्हणून वाढलं."

"पण ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही अजून लंगडता की."

बाहेर आई माझ्या लेकीला भात भरवत होती. तिनं ऐकलं असणार; तिनं पुढचा घास कालवला. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं पुन्हा कापसाचंच सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. वहिनीला एवढंच म्हणाले, "लातूरला ये, मी त्या फिजिओथेरपिस्टला दाखवायला नेते." ती "हाव" म्हणाली. आली नाही.