मिळवलेला हात

एडा अम्प्लबीच्या टेबलाशी आठ बायका वितळलेल्या चॉकलेटात गोळ्या बुडवायच्या, आणि त्यांच्या जिभा हातांपेक्षा जोरात चालायच्या. पण हल्ली एडाशी कुणी अवाक्षर बोलत नव्हतं.

यॉर्कशरमधला तो कारखाना फॉदरगिलांचा, क्वेकर पंथाच्या लोकांचा. माणसं भली, नाही कोण म्हणतं? मजुरांना पोहायला तलाव बांधला, मालकाच्या मांडीला मांडी लावून बसायला कामगार समिती दिली. त्या समितीवर युनियननं एडाला धाडलं ते एकाच कामासाठी. लग्न झालं की बाईला कामावरून काढायचं, हा नियम मोडीत काढायचा. एडाची जिवाभावाची मैत्रीण हिल्डा रॉ उन्हाळ्यात लग्न करणार होती. विधवा एडाच्या घरात बोलायला मांजरसुद्धा नव्हतं. जे काय बोलणं ते हिल्डाशी, टेबलावर.

समितीत म्हाताऱ्या फॉदरगिलांनी नियम वाचला, "आहे तसाच राहावा असं वाटतं," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. सगळेच गप्प. एडाला वाटलं, बरं झालं. युनियनच्या सभेत एकही हात वर गेला नाही की ठराव पडतो. तिनं ओठ घट्ट मिटले. शेवटी फॉदरगिलांनी हात पुढे केला, तिनं मिळवला. क्वेकरांत मौन म्हणजे संमती आणि हात मिळवला की बैठक संपली, हे त्या भाबडीला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी कागद लागला, 'नियम एकमतानं कायम'.

"तोंडात चॉकलेट कोंबलं होतं का गं?" हिल्डानं विचारलं.

"अगं, मला वाटलं..."

"तुला वाटलं. इथं दिवसभर टकळी चालते, आणि मालकापुढं मूग गिळून बसलीस."

हिल्डाच्या कामावरच्या शेवटच्या दिवशी बायकांनी तिच्या टोपीला कागदी फुलं लावली, गाणी म्हटली. एडानं हात पुढे केला.

"राहू दे," हिल्डा म्हणाली. "तुझा हात तिकडं मिळवून झालाय."

इतकं एकटं एडाला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत विषय निघाला चहाच्या कपांचा. पुन्हा ते मौन. फॉदरगिलांनी हसून हात पुढे केला. एडानं दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"एडा अम्प्लबी, कपांबद्दल हरकत आहे?"

"कपांबद्दल नाही. मागच्या वेळी मी गप्प होते ते 'नाही' म्हणून. तसं लिहा, मग हात देते."

"पण हिल्डा तर गेली," ते हळूच म्हणाले.

"मला सांगता? तिच्या शेजारी मी बसायचे."

हात खिशातच राहिले, आणि बैठक काही संपेना.